बहिरी तार

ज्यांची हयात लिहिण्यात गेली, त्यांनी असे लेख लिहावेत. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे निबंध तपासले. स्वतः काही लिहून छापायला देण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही निवृत्तीनंतर. या धाडसाबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी.

भाऊ, तुझी क्षमा मात्र निराळ्या कारणासाठी मागायची आहे. आपण दोघे या भाषेत कधीच बोललो नाही. शाळेत मी जी मराठी शिकवत असे, ती तुझ्या दाराबाहेर चपलांपाशी ठेवूनच मी आत येई. चुकून एखादा शब्द आत आलाच, तर तू स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचास, "ऐक वं, मास्तरीण उनी!" आता तुला अहिराणीत लिहू पाहते तर हात थांबतो. ती मला फक्त बोलता येते, आणि बोलायला समोर माणूस लागतो. तेव्हा ही इस्त्री केलेली भाषा गोड मानून घे.

समाजाच्या अंकासाठी तुझे गाव, तुझी नोकरी, तुझा परिवार ही माहिती वहिनीने दिली आहे. ती चौकटीत वेगळी छापली जाईल. माझ्याकडे त्यातले काही नाही. माझ्याकडे एका तारेची गोष्ट आहे, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही.

सुरतेत, गोडादऱ्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, तुझे दोन स्पीकर तू ठेवलेस तसेच उभे आहेत. डावीकडच्याला करंगळीएवढी जाड, तांबडी वायर. उजवीकडच्याला पारदर्शक वेष्टनातली बारीक वायर, आतले तांबे दाखवणारी. भेटायला येणारे ते पाहतात आणि मान हलवतात: बिचाऱ्याचे काम अर्धवट राहिले. अर्धवट राहिले हे खरे आहे. पण अर्धवट काय राहिले, ते त्यांना ठाऊक नाही.

तू संगीताकडे वळलास तेव्हा मला नवल वाटले होते. जन्म सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात गेला. आधी कारागीर, मग मास्तर, म्हणजे बिघडलेले सांचे दुरुस्त करणारा. सांचा बिघडला की तू त्याच्या अंगावर वाकून उजवा कान जवळ न्यायचास आणि काय सैल झाले ते सांगायचास, हे मी एकदा डबा द्यायला आले होते तेव्हा स्वतः पाहिले आहे. तिथे कुणी तोंडाने बोलत नव्हते. ओठ हलत होते, बोटे हलत होती आणि सगळ्यांना सगळे कळत होते. माझ्या कानांना मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत गुणगुण होती. त्या कामातून सुटल्यावर तू महिनाभर घरात बसलास आणि वहिनीला म्हणालास, "घर कितलं गप शे वं. माले झोप लागत नही." मग अडाजणचे कुणी कुटुंब परदेशी निघाले आणि जाताना त्यांनी काढून टाकलेला ॲम्प्लिफायर व ते मोठे लाकडी स्पीकर तू रिक्षात घालून आणलेस. घरात पडलेली ट्यूबलाइटची वायर त्यांना जोडलीस आणि मला फोन केलास, "ये. काही तरी ऐकाडस."

मला गाणे कळत नव्हते, अजूनही फारसे कळत नाही. आम्ही शाळेत प्रार्थना म्हणत असू, तेवढेच. पण भेस्तानहून रविवारी तुझ्याकडे यायचे, तू लावलेली सनई किंवा भजन ऐकायचे आणि मधे एक अक्षर बोलायचे नाही, हा नेम आपण दोघांनी उतारवयात लावून घेतला. गाणे चालू असता बोलायचे झाले तर तू सांच्यावरच्या खुणा करायचास. तळवा खाली दाबला की आवाज कमी कर. दोन बोटे एकमेकांवर घासली की बघ, सूत कसे बारीक आहे. आणि हे तू गायिकेच्या आवाजाबद्दल म्हणत असायचास. त्या खुणा मी शिकले. शिकताना इतका आनंद मला फार वर्षांत झाला नव्हता. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

मग कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवले की ट्यूबलाइटची वायर स्पीकरला चालत नाही.

भागळजवळच्या त्या दुकानातली दुपार आठवली की मला अजून हसू येते, आणि हसू आले की लगेच कसेसेच होते. दुकानदार भला माणूस. त्याने वायरींची भेंडोळी काढली आणि एक पुढे केली, ही घातली की आवाज खुलेल म्हणून: "काका, आ नाखो ने, अवाज खुली जशे." तू त्या वायरीचे टोक अंगठा आणि तर्जनीमध्ये धरलेस, चोळलेस, डोळे मिटलेस.

"याच्यात किती तारा?" तू हिंदी-गुजराती मिसळून विचारलेस.

त्याने काहीतरी आकडा सांगितला.

"पीळ सैल आहे. डेनियर किती?" सुताच्या जाडीचे माप तू तारेला लावत होतास.

"काका," तो हात जोडून म्हणाला, "आ साडी नथी!"

सगळे दुकान हसले. तूही हसलास, पण टोक सोडले नाहीस. मी कडेला उभी राहून सांगत होते की एवढ्याशा खोलीत, एवढ्याशा अंतरासाठी कोणतीही बऱ्यापैकी तांब्याची वायर पुरे, असे मी वाचले आहे. तू म्हणालास, "वाचेल शे ना? मंग आते ऐक." शेवटी त्याने जाड आणि बारीक अशा दोन्ही वायरी घरी नेऊन पारखायला दिल्या. जी आवडेल ती ठेवा, दुसरी परत आणा, म्हणाला. तुम्हाला नाही कशाला म्हणू, मास्तर.

आता इथे तू जे केलेस ते फक्त विणकरच करील. दुसऱ्या कुणीही आधी दोन्ही स्पीकरना एक वायर जोडली असती, ऐकले असते, मग दोन्हींना दुसरी जोडली असती. तू डावीकडे जाड जोडलीस आणि उजवीकडे बारीक, आणि दोन्ही एकदम वाजवलेस. मी विचारले, हे काय? तेव्हा तू मला समजावलेस. नवे सूत पारखायचे तर जुन्याच्या शेजारी, एकाच ताग्यात विणून बघायचे. वेगवेगळ्या ताग्यांत बघितले तर उजेड बदलतो, हवा बदलते, आपली नजर बदलते. एकाच कापडात शेजारी शेजारी असले की खोट लपत नाही.

मला ते बोलणे आवडले. अजूनही आवडते. पण कापड बघायला आपण दोन्ही डोळे एका जागी नेतो. ऐकताना एक कान एकीकडे असतो आणि दुसरा दुसरीकडे. हे मी तेव्हाच म्हणायला हवे होते की नको, याचा निवाडा मला अजून करता येत नाही.

तू खुर्चीत बसलास. "आठे बठ," म्हणून मला नेहमीप्रमाणे डाव्या हाताला बसवलेस. सनई सुरू झाली. थोड्या वेळाने तू गाणे थांबवलेस. गाणे मधेच थांबवणारा तू नव्हेस.

"उजवीकडली तार बहिरी शे."

मला काही फरक वाटला नव्हता. पण माझ्यातली मास्तरीण आधी जागी झाली. "भाऊ, बहिरी नाही, मुकी म्हण. आवाज जिच्यातून निघत नाही ती मुकी."

"मुकी कशी? बहिरीच शे ती."

"बहिरे असायला कान लागतात. तारेला कुठे कान?"

"तू शाळामां शिकाड," तू म्हणालास. "आठे मी मास्तर."

वहिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, दोन मास्तर एका घरात नकोतच. वाद तिथे थांबला; संपला नाही. पुढच्या प्रत्येक रविवारी तो निघत राहिला. मी गमतीने 'मुकी' म्हणायची, तू हट्टाने 'बहिरी'. दरम्यान तुझी खुर्ची सरकत होती. आधी ती दोन्ही स्पीकरच्या मधोमध होती. मग ती उजवीकडे गेली, कारण तिकडचे नीट येत नाही, म्हणून जरा जवळ. मग आणखी जवळ. फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे आहेत, त्यावरून कुणालाही तिचा प्रवास सांगता येईल.

मला काय वाटू लागले होते ते तुला कळले असेलच. किंवा नसेल. हाच तर प्रश्न आहे.

मला वाटू लागले होते की दोष तारेत नाही. दोष तुझ्या उजव्या कानात आहे. तोच कान, जो तू इतकी वर्षे सांच्यांपाशी नेत होतास. पण थोरल्या भावाच्या तोंडावर 'तुला ऐकू येत नाही' असे म्हणण्याचे माझ्यात कधी बळ नव्हते. आपल्या घरात धाकट्या बहिणीने असे बोलायची रीतही नव्हती. म्हणून मी आडवाट काढली. मी म्हटले, भाऊ, तारांची अदलाबदल करू. जाड उजवीकडे, बारीक डावीकडे. तार वाईट असेल तर तिची खोट तिच्याबरोबर डावीकडे जाईल. आणि उजवीकडचे उजवीकडेच राहिले तर... वाक्य मी तिथेच सोडले. मला वाटले, पुढचे तुझे तुला कळेल, मग तू आपणहून डॉक्टरकडे जाशील आणि मला काही बोलावे लागणार नाही.

"करू," तू म्हणालास. "पहिले चहा पी."

चहा झाला. मग वीज गेली. पुढच्या रविवारी पेचकस सापडेना, आणि ज्याच्या खिशात जन्मभर पेचकस असायचा त्या माणसाच्या घरात तो सापडेना. त्याच्या पुढच्या रविवारी तू म्हणालास, आज सनई पूर्ण ऐकू दे, पुढला रविवारले नक्की. निघताना दारात तू मला पुन्हा सांगितलेस, "नक्की." त्या शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला. आंघोळीचे पाणी काढून ठेवले होते, म्हणाली. तू खुर्चीत बसला होतास. ती हाका मारत राहिली.

तुझे दिवसकार्य त्याच खोलीत झाले. येणाऱ्यांना टेकायला जागा व्हावी म्हणून कुणीतरी स्पीकर आत न्यायला निघाले, तेव्हा वहिनीने नुसता हात आडवा धरला. ते जागचे हलले नाहीत. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि आम्ही दोघीच राहिलो. तेव्हा ती म्हणाली, "ताई, त्या दुकानवालाना फोन उना व्हता. कोनती तार ठेवानी, असं इचारी ऱ्हायना. बिचारा रडत व्हता. मी काय सांगू? तुमीच ठरवा."

मी ठरवायचे! जिला तुझ्या मते कान अजून फुटायचे होते तिने!

मी सतरंजीवर बसले होते आणि वहिनी येऊन माझ्या शेजारी बसली. बसता बसता ती थबकली, उठली आणि माझ्या दुसऱ्या अंगाला येऊन बसली. मग स्वतःशीच हसली.

"काय झालं?"

"काही नही. सवय शे ना. तुमना भाऊ मले याच हातले बठाडेत."

"कोणत्या हाताला?"

तिने डावा हात दाखवला. जेवताना, देवळात, बसमध्ये, लग्नकार्यात. लग्न होऊन ती सुरतेला आली तेव्हा नव्हते तसे, मग कधीतरी सुरू झाले, केव्हा ते तिला आठवेना. मी विचारले, भाऊचा उजवा कान गेला होता का? तिने सतरंजीची मुडपलेली कड सरळ केली. "मले काय म्हाईत, ताई? त्यानी सांगं नही, मी इचारं नही. मले इतलंच म्हाईत, आठे बठ म्हनेत, मी बठी जाऊ."

तेव्हापासून भाऊ, मी जिथे जाते तिथे तुला माझ्या उजवीकडे पाहते आहे. माझ्या लग्नाच्या फोटोत तू अगदी कडेला, सगळे तुझ्या डाव्या अंगाला. माझ्या निरोपसमारंभात मला पहिल्या रांगेत बसवून तू माझ्या उजवीकडची खुर्ची धरलीस आणि तिथे आधीच बसलेल्या माणसाला उठवलेस. मला किती संकोच वाटला होता. आणि रस्ता. स्टेशनवरून घरी चालत जाताना तू मला नेहमी डावीकडे, आतल्या अंगाला ठेवायचास आणि स्वतः गाड्यांच्या बाजूने चालायचास. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे, माझा भाऊ मला अजून वाहनांच्या बाजूला चालू देत नाही.

ती माया होती, की तो कान होता? दोन्ही असू शकते, हे मला कळते. मी एवढी अडाणी नाही. पण रात्रंदिवस मनात वर-खाली होते ते एवढेच: तुला ठाऊक होते का? ठाऊक होते म्हणून तू अदलाबदल पुढे ढकलत राहिलास का? मला कळू नये म्हणून तू सगळा दोष तांब्याच्या एका बारीकशा तारेवर टाकलास का? कारण मला कळले असते तर मी लगेच हिशेब मांडला असता, कान कुठे गेला, कशापायी गेला, त्या वर्षांत मी कुठे होते. आणि मी कॉलेजात होते; फी तुझ्या पगारातून जात होती. तुला तो विचार माझ्या मनात यायला नको होता, असे मी कधी मानते. आणि कधी वाटते, छे, तुला खरोखरच वाटत होते की तार वाईट आहे, आणि मी हे सारे तुझ्या माथी मारते आहे.

मागच्या रविवारी मी पेचकस घेऊन गेले. वहिनी म्हणाली, तो तर कपाटाच्या वरच होता, तुम्ही कशाला आणला? मी दोन्ही स्पीकर पुढे ओढले आणि मागचे खटके सैल केले. जाड तार उजवीकडे लावली, बारीक डावीकडे. तांबड्याला तांबडे, काळ्याला काळे, तू दाखवले होतेस तसे. वहिनीला तुझ्या खुर्चीत बसायला सांगितले. ती आधी नको म्हणाली, मग कडेला टेकली. मी सनई लावली.

खिडकीतून खालच्या गल्लीतले भाजीवाल्याचे ओरडणे येत होते. वहिनी अंग चोरून, डोळे मिटून बसली होती. मग मी तारा पुन्हा बदलल्या, पुन्हा तीच सनई लावली. ती उठली तेव्हा मी विचारले, कोणती चांगली?

"सारखंच शे," ती म्हणाली. मग घाईने, जणू तुझा अपमान झाला असावा तशी, "मन्हा कानले सारखं लागं. त्यानी गोष्ट येगळी."

मलाही सारखेच लागले होते. भाऊ, तारेत खोट नव्हती. तारेचा वाद मी जिंकले. ज्याच्याशी तो घालत होते त्याला सांगायची सोय मात्र उरली नाही, आणि ज्या एका कानाने त्याचा खरा निकाल लागायचा होता तो कानही तुझ्याबरोबर गेला. एक गोष्ट मात्र आता मान्य करते. तो शब्द मुकी नव्हता, बहिरीच होता. तू शब्द बरोबर वापरत होतास. कुणाविषयी वापरत होतास, ते जाणून की नकळत, एवढेच मला सांगता येत नाही.

तारा मी तुझ्या होत्या तशाच ठेवल्या: डावीकडे जाड, उजवीकडे बारीक. दुकानदाराला फोन करून सांगितले, दोन्ही ठेवतो. तो म्हणाला, "बेन, पण बे अलग अलग?" मी म्हटले, हो, दोन्ही शेजारी शेजारी लागतात. मास्तरांची पद्धत होती.

 मी फोन ठेवला आणि ऐकायला बसले. खुर्ची रिकामी होती, खोलीत जागाच जागा होती, आणि मी तिच्या डाव्या हाताला जाऊन बसले होते. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा सनई जवळजवळ संपली होती. उठून दुसरीकडे बसावेसे वाटले. बसवले नाही.

वाचकहो, मला आपल्याला एकच विचारायचे आहे. तुमच्या घरात तुम्हाला नेहमी आपल्या एकाच बाजूला बसवणारे कुणी आहे का?